एका पिशवीमागे, पाण्याने ठाण्याला

कल्याणहून ठाण्याला लोक अर्ध्या तासात जातात. मला तीन दिवस लागले. मी पाण्याने गेलेलो.

आमच्या कट्ट्यावरचे म्हातारे सिमल्याला जातात, बँकॉकला जातात, आणि परत आले की सोसायटीच्या अंकात चार-चार पानं लिहितात. त्यातलं अर्धं पान विमानात काय खायला दिलं याचंच असतं. मी चौथी पास. पण यंदा म्हटलं, आपणही लिहू. माझ्या प्रवासात विमान नाही, पण खायला त्यांच्यापेक्षा चांगलं मिळालं. शुद्धलेखन माझ्या मुलीने, मंदाने बघितलंय. मजकुराला हात लावायचा नाही, असं तिला बजावलंय.

आधी, का गेलो ते

माझी बायको वत्सला गेल्या माघात गेली. बाकीचं नीट कळायला माझा धंदा सांगावा लागेल. कल्याण स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात मी तेहेतीस वर्षं पार्सल बांधायचो. सांबाराची पिशवी भरायची, आत थोडी हवा ठेवायची, मानेला दोऱ्याचे तीन वेढे द्यायचे आणि दोऱ्याचं टोक तिसऱ्या वेढ्याखाली खुपसायचं. गिऱ्हाईक रिक्षात आदळत, जिन्यावर आपटत घरी गेलं तरी थेंब सांडायचा नाही. नवीन पोरं यायची ती माझ्याकडून ही गाठ शिकून दुसऱ्या हॉटेलांत जायची. कल्याण-डोंबिवलीत आज तीन वेढ्यांची चटणी मिळाली तर समजा, ती माझी शाळा.

तर स्मशानातून अस्थींचं मडकं घेऊन निघालो आणि रिक्षा खड्ड्यात आदळली. मडकं माझ्या मांडीवर फुटलं. खिशात पिशवी होती, पार्सलवाल्याच्या खिशात असतेच. दोराही होता. डोकं बंद होतं, हातांनी आपलं काम केलं. अस्थी आत, राख आत, थोडी हवा, तीन वेढे, टोक खुपसलं. दुर्गाडीखालच्या घाटावर ओहोटी लागलेली, पायऱ्यांवर चिखल, गुरुजींना पुढचं काम. ते म्हणाले, "सोडा, सोडा." मी सोडली. पिशवीसकट.

ती बुडाली नाही. आत हवा होती ना! डुलत डुलत डोंबिवलीच्या दिशेने निघाली. गुरुजी हात जोडून डोळे मिटून होते. मंदा आणि जावई दुसऱ्या रिक्षाने आलेले, ते मागे रिक्षाजवळच उभे. म्हणजे बघणारा मी एकटाच, असं मला वाटलं.

वत्सलेला थंडीतही तोंडावर पांघरूण चालायचं नाही. पंखा बंद, पण खिडकीचं एक दार उघडं हवं. अशा बाईला मी हवाबंद करून पाठवली. वर्षभर रात्री पांघरूण घेताना माझा हात छातीपर्यंत यायचा आणि थांबायचा. कोणाला सांगितलं नाही.

हिराबाई कोळीण वीस वर्षं आमच्या दारावर मासळी घेऊन येते. मी साताऱ्याकडचा. लग्नाआधी मासा फक्त चित्रात बघितलेला. वत्सला चिपळूणची. तिने मला खायला शिकवलं आणि हिराबाईने निवडायला. वर्षश्राद्ध दहा दिवसांवर आलं तेव्हा हिराबाई पाटी उतरवून दारात बसलेली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हिराबाई, दुर्गाडीला पाण्यात टाकलेली वस्तू जाते कुठे?"

ती पदराने घाम पुसत म्हणाली, "जाते कुटं? आमच्या जाल्यात येते."

"सगळी?"

"तुमी काय टाकलंव त्यावर हाय. काय टाकलंव?"

मी म्हटलं, "काही नाही. निर्माल्य."

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाली, "तर या क एकदा बगायला. माजा बालाराम होरी घेऊन भाजीबाजाराला येतो. त्याच्यासंगं या."

पहिला दिवस: दुर्गाडी ते हिराबाईचं अंगण

बाळाराम म्हणजे हिराबाईचा मुलगा, चाळिशीचा, दाढी पांढरी व्हायला लागलेली. होडीला मागे इंजिन. मला हात देऊन आत घेताना म्हणाला, "काका, मंधी बसा. हालू नका. पोहता येतंय?"

"विहिरीत यायचं. पन्नास वर्षांपूर्वी."

"मंग हालूच नका."

भरती नुकतीच फिरली होती. पिशवी गेली तशीच आमची होडी ओहोटीवर निघाली. चाळीस वर्षं कल्याणला राहून मी कल्याण कधी पाण्यावरून बघितलं नव्हतं. वेगळंच गाव दिसतं. वर पुलावर गाड्यांची रांग, हॉर्न, शिव्या. खाली एक खंड्या निळा कोट घालून वायरवर बसलेला, कोणाची घाई नाही. आणि पुलावरून, मी खोटं सांगत नाही, आमच्या डोळ्यांदेखत एक स्कूटरवाला थांबला, आधी हेल्मेट काढलं, पिशवी कपाळाला लावली, नमस्कार केला आणि खाली सोडली. पिशवी बाळारामच्या पायाशी येऊन पडली.

बाळाराम वर बघून ओरडला, "ओ भाऊ! देवाला द्यायचं की मना?"

स्कूटर पळाली. पिशवीत झेंडूची फुलं, दूर्वा आणि अर्धा नारळ. बाळारामने नारळ बाजूला काढला. "खोबरं बरं हाय," म्हणाला. आम्ही दोघांनी खाल्लं. कोणाच्या तरी घरच्या देवाचा पहिला प्रसाद मला मिळाला.

मला हसू आलं, आणि लगेच ते गेलंही. तो स्कूटरवाला काही वाईट माणूस नव्हता. हेल्मेट काढून नमस्कार करणारा माणूस. मीही तसाच होतो.

डोंबिवलीच्या बाजूला खाडी रुंद होते आणि दोन्ही काठांना तिवरं सुरू होतात. तिवर म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं झाड. लांबून हिरवंगार दिसतं. म्हटलं, वा, कोकणच की! जवळ गेलो तर फांद्यांना पिशव्या. लाल, निळ्या, काळ्या. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर प्रत्येक फांदीला काही ना काही लटकलेलं. आमच्या गावाकडे नवसाच्या झाडाला चिंध्या बांधतात तसं.

"एवढे नवस कोणी केले?" मी विचारलं.

"तुमी लोकांनी," बाळाराम म्हणाला. "फेडायला आमी."

हिराबाईचं गाव खाडीच्या काठावर. मागे दहा-दहा मजली बिल्डिंगा, पुढे चिखल, मध्ये पंचवीस-तीस घरं आणि सुकायला टांगलेली जाळी. हिराबाईने दारातच तांब्या दिला आणि विचारलं, "पिलं का पानी? जेवाल क?" जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि नेवट्यांचं कालवण. नेवटा म्हणजे बोटाएवढा मासा, चिखलावर उड्या मारत चालतो. वत्सला माशात तिरफळं घालायची, ही चिंच घालते. मी म्हटलं, चिंचेचंही बरं लागतं. हिराबाई म्हणाली, "बरं? तुमची बाई माज्याकडं येऊन हेच कालवण शिकून गेली, आन चिंचंच्या जागी तिरफलं घालून तुमाला सांगितलं चिपलूनचं हाय." चाळीस वर्षांच्या संसारात बाई माझ्यापासून काय काय लपवून गेली, कोण जाणे.

दुसरा दिवस: जाळं आणि जिताडा

सकाळी बाळारामबरोबर डोल ओढायला गेलो. डोल म्हणजे पाण्यात खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं लांब जाळं. ओहोटीचं पाणी त्यातून धावतं, मासळी मागच्या टोकाला अडकते. बाळाराम ओढायला लागला आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. मीही हात लावला. एवढं जड! मी आनंदाने ओरडलो, "अरे, केवढी मासळी!"

बाळाराम नुसता ओढत राहिला. जाळं होडीत रिकामं केलं तेव्हा कळलं जड काय होतं. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलचे तुकडे, बाटल्या, एक बाहुली, हात नसलेली. त्या ढिगात हात घालून तो कोळंबी वेचायला लागला, तांदळातले खडे वेचतात तशी. फरक इतकाच की इथे खडेच जास्त.

"माजा आजा एका डोलीत पाटी भरून कोलंबी घ्यायचा," तो म्हणाला. "मी पाटी भरून पिशव्या घेतो. बाजार लागला असता तर आज बंगला असता."

त्याचं दुःख फक्त कमी मासळीचं नाही. पिशव्यांच्या वजनाने जाळं फाटतं. पुड्या जाळ्याच्या बारीक डोळ्यांत बसतात, पाणी अडतं, खुंट उखडतात. दुपारभर तो आणि हिराबाई अंगणात जाळं निवडत बसलेले. मीही बसलो. बोटांची सवय अजून गेलेली नाही, त्यामुळे माझा हात दोघांपेक्षा भरभर चालत होता. हिराबाई म्हणाली, "भाऊ, राहा आता हितंच. तुमाला भाकरी, आमाला हात."

त्या ढिगात एक जिताडा मिळाला होता, हातभर लांब. जिताडा म्हणजे खाडीचा राजा. पूर्वी पाहुण्याला जिताडा वाढला म्हणजे मान दिला असं समजायचे. आता महिना-महिना दिसत नाही. बाळाराम तो विकायला नेत होता. हिराबाई म्हणाली, "ठेव. ताईचा घरवाला आलाय." ताई म्हणजे माझी बायको. मी नको-नको म्हणत राहिलो, मनातून मात्र खूश.

तिने विळी घेतली, खवले काढले, पोट चिरलं. आतून चार-पाच लहान कोळंब्या निघाल्या. आणि त्यांच्या मागून एक इवलीशी पिशवी. चटणीची. पांढरी चटणी अजून आत होती, करडी पडलेली.

मी ती पिशवी हातात घेतली. मानेला दोरा. तीन वेढे. टोक तिसऱ्या वेढ्याखाली खुपसलेलं.

माशाने गिळली, पोटातल्या पाण्यात भिजली, पण गाठ शाबूत होती. तेहेतीस वर्षं मी ज्याचा अभिमान धरला ते काम बघा कसं पक्कं निघालं. मी तिथे ओट्यावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मडकं, खड्डा, खिशातला दोरा, हवा. "हिराबाई," मी म्हटलं, "निर्माल्य नव्हतं. ती होती."

बाळारामने जाळं खाली ठेवलं. हिराबाई विळीवरून उठली नाही. माशाच्या रक्ताने भरलेले हात तसेच गुडघ्यावर ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"ताई माज्याकडून कवा पिशवीत मासली घ्यायची नाय," ती म्हणाली. "घरातून डबा आनायची. इस्टीलचा, झाकन दबलेला."

"माहीत आहे मला. म्हणायची, दिवसभर तुमच्या हातांना पिशवीचा वास, निदान घरात तरी नको."

"आन तिलाच तुमी पिशवीत बांधली?"

"हो."

"तीन येढे?"

"तीन."

हिराबाईच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. मग ती हसायला लागली, आणि मला आधी राग आला आणि मग मीही हसायला लागलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. ती म्हणाली, "वर गेल्यावर सोडनार नाय तुमाला. दारातच उभी आसंल."

रडून-हसून झाल्यावर मी विचारलं, "मासा?"

"मासा खायचा," ती म्हणाली. "पोटातलं टाकायचं, पोट धुवायचं, मासा खायचा. नायतर आमी खाऊ काय?"

जिताडा उत्तम झालेला. मी तीनदा घेतला. मान दिलेला टाकू नये.

जेवताना बाळाराम म्हणाला, "काका, कल्यानच्या पिशव्या कुटं अडकतात मना ठावं हाय. मुंब्र्याच्या अलीकडं तिवरांत एक वलन हाय, तिथं पानी घुमतं. उद्या सुक्या ओहोटीला जाऊ. तुमची दिसंल असं सांगत नाय. पन बगू."

तिसरा दिवस: तिवरांत

सूर्य उगवताना पोचलो. पाणी पार उतरलेलं, नुसता चिखल, आणि चिखलातून वर आलेल्या हजारो काड्या. बोटभर उंच, पेन्सिली रोवल्यासारख्या. मी म्हटलं, ही कसली लावणी?

"तिवराच्या मुल्या," बाळाराम म्हणाला. "वर येऊन श्वास घेतात. चिखलात हवा नसते, मंग झाड अशी नाकं वर काढतं."

त्याने एका जागी वाकून पिशव्यांची चटई उचलली. खालच्या मुळ्या काळ्या, मऊ, कुजलेल्या. वरचं झाड वाळलेलं, एक पान नाही. "हितं बारीक कोलंबी वाढते, मासं अंडी घालतात. नाकच बंद क्येलं तर झाड मरतं. झाड गेलं की तीबी गेली."

तोंडावर पांघरूण नको म्हणणारी ती एकटीच नव्हती तर.

मी पुढची चटई ओढली. खाली एक नेवटा बसलेला, बेडकासारखे डोळे वर करून. बिळावर छप्पर पडल्यामुळे अडकला असावा. उजेड दिसताच त्याने जी उडी मारली ती थेट माझ्या पायजम्यावर. मी दचकून मागे सरलो आणि मांडीपर्यंत चिखलात. बाळारामने काखेत हात घालून मला गाजरासारखा उपटला. मी बाहेर आलो, माझी डावी चप्पल आली नाही.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे कसं? रबराची हाय ती. तुमच्या नातवाच्या नातवाला सापडंल." तो खांद्यापर्यंत हात घालून चाचपत राहिला. तीन चपला काढल्या. तिन्ही डाव्या, एकही माझी नाही. शेवटी त्यातली एक गुलाबी, फुलाफुलांची, माझ्या पायाला बसली. माझी चप्पल खाडीत आहे हे इथे कबूल करतो. मी गेलो होतो घाण काढायला आणि घालून आलो.

मग पिशव्या बघायला लागलो. माझी कशी ते मला पक्कं माहीत होतं. हॉटेलातली जाड, पिवळट पांढरी, मानेला पांढरा दोरा. तशी दिसेना. पण गाठ मारलेली पिशवी हातात आली की मला ती सोडल्याशिवाय टाकवत नव्हती. बाळाराम आधी म्हणाला, "काका, तशीच टाका क गोनीत." मग त्याने सांगणं सोडलं. किती सोडल्या, मोजल्या नाहीत. बहुतेकांत काळं पाणी झालेली फुलं. एकीत देवाची तसबीर, काच फुटलेली. एकीत बाळाचं टोपडं. एकीत कवळी, वरची आणि खालची दोन्ही, आणि चष्मा. कोणा आजोबांची आवडती वस्तू म्हणून सोडली असणार. वर जाऊन बघणार-चावणार कसं, म्हणून. सगळ्या पिशव्या इतक्या काळजीने बांधलेल्या! लोक पाण्यात टाकत नाहीत हो, पाण्याला देतात. फक्त द्यायच्या आधी बांधतात.

एका दोऱ्यात एक बगळा अडकला होता. पतंगाचा मांजा असावा, नायलॉनचा, पायाला आणि फांदीला गुंडाळलेला. बाळारामने त्याची चोच धरली, मी दोरा सोडवला. कापला नाही, सोडवला, वेढ्यामागून वेढा. बगळा उडाला, आणि जाताना माझ्या डोक्यावर कृतज्ञता टाकून गेला.

सूर्य वर आला. भरतीचं पाणी चिखलात बारीक बारीक वाटा काढत आत यायला लागलं. बाळाराम म्हणाला, आता निघायचं. तेव्हा एका वाळक्या तिवराच्या बुंध्यात मला एक पिशवी दिसली. गुलाबी, कपड्याच्या दुकानातली. माझी नव्हती. गाठ दोन कानांची, साधी, भाजी बांधतात तशी. वजन हाताला ओळखीचं लागलं. मी गाठ सोडली. आत लाल फडकं. फडक्यात राख, आणि अस्थी.

बाळारामने टोपी काढली.

मी त्या चिखलात उभा, एका पायात माझी चप्पल, एका पायात गुलाबी. कोणाचा बाप, कोणाची आई, काही ठाऊक नाही. कोणीतरी माझ्यासारखाच घाटावर उभा राहिला असेल, चिखल बघितला असेल, गुरुजी म्हणाले असतील, सोडा, सोडा. मला मंत्र येत नाहीत. मी गुडघाभर पाण्यात गेलो, फडकं उघडलं आणि हळूहळू, एक एक मूठ पाण्यात सोडली. म्हटलं, "जा आता. बाबा असाल, बाई असाल, जे कोण असाल ते. उशीर झाला. माफ करा."

राख पाण्यावर पसरली आणि सरकायला लागली. उलट दिशेने.

"भरती हाय, काका," बाळाराम हलकेच म्हणाला. "वर जानार. कल्यानला."

"जाऊ दे," मी म्हटलं. "तिकडचंच माणूस असेल. घरी जाईल."

माझी पिशवी सापडली नाही. खारेगावच्या पुढे पाणी दोन वाटांना फुटतं, एक वाट वसईकडे, एक ठाण्याच्या खाडीकडे. ती कुठल्या वाटेने गेली ते कोणी सांगू शकत नाही. पण परत होडीत बसताना मला एक गोष्ट पटली. मी जसा वाकलो तसा खाली कुठेतरी आणखी कोणी बाळाराम, कोणी म्हातारा, जाळं निवडताना वाकला असेल. पिवळट पिशवी हातात आली असेल. गाठ बघून म्हणाला असेल, च्यायला, कोणी बांधली ही! आणि बसून सोडवली असेल. माझी गाठ सोडवायला वेळ लागतो, पण सुटते. टोक सापडलं पाहिजे.

ठाणे

बाळारामने मला कळव्याच्या पुलाजवळ उतरवलं. मंदा न्यायला आलेली. टेंभी नाक्याच्या मागे तिचं घर. तिने आधी माझं तोंड बघितलं, मग डोकं, मग पाय.

"बाबा, ही कोणाची चप्पल?"

"सापडली."

"बायकांची आहे."

"बसते."

रिक्षात तिने नाकाला ओढणी लावली. घरी तिने गरम पाणी काढून दिलं, मी दोनदा आंघोळ केली. मग चहा घेताना मी कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. मडक्यापर्यंत आलो आणि ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी बघितलेलं, बाबा. रिक्षाजवळून. पिशवी तरंगत गेली ती." ती कपाकडे बघत होती. "तुमचा चेहरा बघून बोलले नाही. वर्षभर कल्याणला येताना गाडी खाडीवरून जाते ना, तेव्हा मी खिडकीतून खाली बघते. दर वेळी."

म्हणजे तीही शोधत होती. मी पांघरुणात, ती खिडकीत. दोघं एकमेकांना सांभाळत वर्षभर गप्प. मी तिला तिवरांतलं सांगितलं, त्या फडक्याचं, भरतीचं. कवळीचंही सांगितलं. ती रडता रडता हसली, अगदी आईसारखी, आधी एक कोपरा, मग दुसरा.

वर्षश्राद्धाला आम्ही दोघं दुर्गाडीच्या घाटावर गेलो. भरती बघून गेलो, बाळारामला फोन करून वेळ विचारली. पिंड आणि फुलं नेली वत्सलेच्या मासळीच्या डब्यातून, स्टीलच्या, झाकण दबलेल्या. गुरुजींनी वास घेतला आणि म्हणाले, "अहो, हा डबा कसला? हे चालत नाही."

"तिचा आहे," मी म्हटलं. "तिला चालतो."

डब्यातलं सगळं हाताने पाण्यात सोडलं. डबा तिथेच विसळला आणि घरी आणला. पुलावर एक बाई पिशवी घेऊन उभी होती. मी खालून हाक मारली, "ओ ताई, सोडून टाका हो, गाठ सोडून! फुलं पाण्याला, पिशवी घरी!" तिने माझ्याकडे रागाने बघितलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, गाठ सोडायला लागली. तिला सुटेना. मी पूल चढून वर गेलो. तीन वेढे नव्हते, दोनच होते. मिनिटात सोडून दिली.

त्या रात्री पांघरूण घेताना हात थांबला नाही. खिडकीचं एक दार मात्र उघडंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई पाटी घेऊन दारात. मी डबा पुढे केला. तिने तो ओळखला, दबलेल्या झाकणावरून बोट फिरवलं आणि दोन मुठी कोळंबी आत घातली. मग आणखी एक मूठ.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"ताईची," ती म्हणाली. "आन चिंच घाला. तिरफलं नको."